दोन ॲडम्स, एक मेणबत्ती आणि आपले छप्पर

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचे सोलर बसले. माझा तीस वर्षांचा धंदा मोटार रिवायंडिंगचा. त्यामुळे तारा, गुंडाळ्या, फेज-न्यूट्रल हे काही मला नवे नव्हते. तरीही पॅनेल सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच भर दुपारी लाईट गेली, आणि घरातला पंखा थांबला. बाहेर डोळे दिपवणारे ऊन होते. गच्चीवर सहा पॅनेल तापून बसली होती. आई खाटेवरून उठून बसली आणि म्हणाली, "अरे, वर एवढं ऊन आहे. वीज आपलीच ना? मग पंखा बंद कसा?"

तांत्रिक उत्तर मला ठाऊक होते आणि मी ते दिले. आईचे समाधान झाले नाही. नंतर विचार केला तेव्हा माझेही झाले नाही. कारण तिचा प्रश्न यंत्राचा नव्हताच, तो मालकीचा होता. आईचे माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेले आहे. आज ज्याला शिवसागर म्हणतात त्या जलाशयाच्या तळाशी तिच्या वडिलांचे घर आणि दोन वाफे आहेत. त्या पाण्यावर झालेली वीज मुंबईपर्यंत पोचली, पण विस्थापितांच्या नव्या वस्तीत दिवा लागायला पुढे कित्येक वर्षे गेली. वीज कोणाची, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार माझ्या माहितीत तिच्याइतका कोणालाच नाही.

म्हणून गेले वर्षभर मी या प्रश्नाचा माग काढत गेलो. जुनी पुस्तके, नियतकालिकांचे जुने अंक, नियमावल्या, जे हाती लागले ते वाचले. घरच्या छपरावर वीज करण्याची कल्पना आपण गेल्या दहा-पंधरा वर्षांतली समजतो. ती जवळजवळ दीडशे वर्षांची आहे, आणि तिच्या पहिल्या प्रकरणाचे एक पान आपल्या मुंबईत लिहिले गेले आहे.

लंडनची मेणबत्ती

प्रकाशापासून वीज निर्माण होते, हे प्रथम पाहिले एदमाँ बेकरेल या फ्रेंच तरुणाने, १८३९ मध्ये. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की थोडा प्रवाह वाहतो, असे त्याला आढळले. पण ते द्रावणातले प्रकरण होते. कोरड्या, घट्ट पदार्थातून हे घडेल अशी कल्पना पुढली चाळीस-एक वर्षे कोणी केली नाही.

त्याचा धागा सापडला तो तारायंत्राच्या धंद्यात. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारांनी मुंबई लंडनशी जोडली गेली. अशा तारा टाकताना त्या सतत तपासाव्या लागत. या कामात असलेला विलोबी स्मिथ हा इंग्रज तंत्रज्ञ मोठा विद्युतरोध हवा म्हणून सेलेनियम या मूलद्रव्याच्या कांड्या वापरत होता. कांड्यांवर उजेड पडला की त्यांचा रोध कमी होतो आणि झाकल्या की पुन्हा वाढतो, हे त्याने १८७३ मध्ये जाहीर केले.

ही बातमी वाचून लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक विल्यम ग्रिल्स ॲडम्स कामाला लागला. गणिताने नेपच्यून ग्रहाचा ठाव सांगणाऱ्या जॉन काउच ॲडम्सचा हा धाकटा भाऊ. त्याने आणि त्याचा विद्यार्थी रिचर्ड इव्हान्स डे याने १८७६ मध्ये सेलेनियमच्या कांडीला बाहेरून कोणतीही बॅटरी न जोडता तिच्यापासून इंचभर अंतरावर एक मेणबत्ती लावली. मापकाची सुई हलली. मेणबत्ती झाकताच ती शून्यावर आली. उष्णतेचा परिणाम असता तर सुई हळूहळू खाली आली असती, कारण तापलेली कांडी एकदम थंड होत नाही. म्हणजे ही वीज प्रकाशाचीच होती. आज आपल्या छपरावर जे घडते, त्याचा घट्ट पदार्थातला हा पहिला पुरावा, आणि तो सूर्याने दिला नाही, एका मेणबत्तीने दिला. दिवाळीच्या अंकात ही गोष्ट सांगताना मला वेगळाच आनंद होतो.

मुंबईचे आरसे

याच सुमारास आणखी एक विल्यम ॲडम्स सूर्याच्या मागे लागला होता. हा प्राध्यापक नव्हता. मुंबईच्या हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता. दिवसभर दावे आणि दफ्तरे सांभाळणाऱ्या या माणसाने १८७८ मध्ये मुंबईत एक पुस्तक छापले. त्याचा विषय होता : उष्ण कटिबंधातील देशांत जळणाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता.

फ्रान्समध्ये ओग्युस्ताँ मूशो हा गणिताचा शिक्षक तेव्हा सूर्ययंत्रे बनवत होता. त्याचा आरसा म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला धातूचा मोठा नरसाळ्यासारखा पत्रा. ॲडम्सला तो पटला नाही. एवढा पत्रा महाग पडणार, आणि हवेने काळा पडणार. त्याने साधा मार्ग काढला. बाजारात मिळणारे काचेचे सपाट आरसे, प्रत्येकी १७ इंच बाय १० इंच, एका मोठ्या चौकटीवर असे लावायचे की प्रत्येकाचा कवडसा एकाच ठिकाणी पडावा. असे ७२ आरसे लागतील, असा त्याचा हिशेब होता. कवडशांच्या जागी लाकूड धरले तर ते पेटत असे. चौकट अर्धवर्तुळाकार रुळावर फिरत असे, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा मजुराने ती सरकवली की पुरे. बाष्पपात्र मात्र एका जागी स्थिर. या वाफेवर त्याने अडीच अश्वशक्तीचे इंजिन आपल्या बंगल्याच्या आवारात पंधरा दिवस चालवले, आणि ते पाहायला लष्करी अधिकारी, न्यायाधीश आणि गिरणीमालक यांना बोलावले.

आरसे अनेक, पात्र एक आणि तेही स्थिर, हा विचार आज जगातल्या मोठ्या सौर मनोऱ्यांच्या मुळाशी आहे. ॲडम्सने सूर्यचूलही केली. आठ बाजूंना आरसे आणि मध्ये काचेखाली भांडे. सात शिपायांचा मांस-भाज्यांचा शिधा जानेवारी महिन्यातही दोन तासांत शिजला, असे त्याने नोंदवले आहे. आपल्याकडे शिर्डीला साईप्रसादालयात २००९ पासून ७३ मोठ्या परावर्तक तबकड्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचे जेवण शिजू लागले. त्या तबकड्यांचा नमुना वेगळा, जर्मन संशोधक वोल्फगांग शेफलर यांचा. पण महाराष्ट्रात उन्हाची वाफ करून पंगत वाढण्याचा विचार सव्वाशे वर्षे आधी एका कोर्टकारकुनाने मांडून ठेवला होता, हे त्या पंगतीत बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

ही दोन्ही माणसे मला एकत्र ठेवावीशी वाटतात. लंडनच्या ॲडम्सकडे वीज होती, पण ती सुई हलवण्याइतकीच. मुंबईच्या ॲडम्सकडे शक्ती होती, पण ती वाफेची. तिला कोळीसवाण्याशी झुंजायचे होते, आणि त्या झुंजीत ती हरली. फ्रान्समध्येही तेच झाले. मूशोने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सूर्याच्या उष्णतेवर बर्फ करून सुवर्णपदक मिळवले, पण कोळसा स्वस्त झाला आणि सरकारने हात आखडता घेतला. उन्हाला दर नसतो. आरशांना, पात्राला आणि मजुरीला असतो. सौर ऊर्जेचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो.

तार जिंकली

न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्स या संशोधकाने १८८३ च्या सुमारास सेलेनियमच्या पातळ थरावर सोन्याचा अतिपातळ, प्रकाश आरपार जाईल असा मुलामा देऊन सपाट पट्ट्या बनवल्या. आजच्या पॅनेलची ही पणजी. पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम एक टक्का वीज होत असे. त्याने नमुना जर्मनीत वेर्नर सीमेन्सकडे पाठवला आणि सीमेन्सने तो तिथल्या विद्वत्सभेपुढे ठेवला. ज्याचे त्याचे छप्पर, ज्याची त्याची वीज, हे स्वप्न फ्रिट्सच्या पट्टीत होते.

पण त्याच शहरात वर्षभर आधी, ४ सप्टेंबर १८८२ रोजी, एडिसनने पर्ल स्ट्रीटवर कोळशाचे वीजघर सुरू केले होते. वीज एका जागी करायची, तारेने घरोघर न्यायची आणि मीटर लावून विकायची, ही रीत तिथे पक्की झाली. घर हे 'ग्राहक' झाले. जगभर तेच चित्र पसरले, आणि खरे सांगायचे तर त्यात काही चूक नव्हते. मोठे यंत्र स्वस्त वीज करते, हे मोटार बांधणाऱ्या माझ्यासारख्याला सांगावे लागत नाही.

चूक झाली ती हिशेबात. टाटांचे खोपोलीचे जलविद्युतघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना घाटावरच्या पावसाची वीज मिळू लागली. पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली गावे बुडणार म्हटल्यावर १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट हे नाव त्यातूनच महाराष्ट्राला मिळाले. स्वातंत्र्यानंतर कोयना आली. प्रत्येक वेळी वीज एका ठिकाणी झाली, उजेड दुसऱ्या ठिकाणी पडला, आणि त्याची किंमत तिसऱ्यानेच दिली. विजेच्या बिलावर इंधन असते, वहन असते, कर असतो. माझ्या आजोबांचे दोन वाफे कधी कुठल्या बिलात आले नाहीत.

फुटलेली कांडी आणि दोनशे शहाऐंशी डॉलर

सेलेनियमने फार साथ दिली नाही. १९४० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रसेल ओल सिलिकॉनची एक कांडी तपासत होता. तिला मध्ये तडा होता. दिव्याच्या उजेडात तिच्यातून अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त विद्युतदाब मिळू लागला. तड्याच्या एका बाजूचे सिलिकॉन एका प्रकारच्या अशुद्धीचे होते, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या. जिथे ते भेटत होते तिथे एक अदृश्य उतार तयार झाला होता. प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन या उतारावरून एकाच दिशेला घरंगळतो, आणि ही घरंगळ म्हणजेच प्रवाह. आपल्या पॅनेलमध्ये हलणारा एकही भाग नाही, तेल नाही, बेअरिंग नाही. जे हलते ते डोळ्यांना दिसत नाही. मोटारी दुरुस्त करून आयुष्य काढलेल्या माणसाला हे पचायला थोडा वेळ लागतो.

त्याच प्रयोगशाळेत डॅरिल चेपिनकडे एक साधे काम होते. दमट, उष्ण, दूरच्या जागी टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत, त्यांना पर्याय शोधायचा. पुन्हा उष्ण कटिबंध! जी अडचण मुंबईच्या ॲडम्सला जळणासाठी, तीच चेपिनला बॅटरीसाठी. कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन या सहकाऱ्यांबरोबर त्याने सिलिकॉनचा सौर घट बनवला, आणि २५ एप्रिल १९५४ रोजी तो जगाला दाखवला. सुमारे सहा टक्के प्रकाशाची वीज होत होती. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात ती पहिल्या पानावरची बातमी झाली.

पण चेपिन हिशेबाचा माणूस होता. १९५६ मध्ये त्याने आकडे मांडले. एका वॅटच्या घटाला २८६ डॉलर. एका सर्वसाधारण घराला पाच किलोवॅट लागतील असे धरले, तर १४ लाख ३० हजार डॉलर. घरच्या छपरावरच्या विजेचे हे पहिले अंदाजपत्रक. ते वाचून कोणीही घरचे छप्पर पुन्हा कौलांसाठीच राखून ठेवले असते.

किमतीची पर्वा नसलेले एकच ठिकाण होते, ते म्हणजे आकाश. १७ मार्च १९५८ रोजी सुटलेल्या व्हॅनगार्ड-१ या छोट्या उपग्रहावर रासायनिक बॅटरी आणि सौर घट दोन्ही होते. बॅटरीचा संदेश त्याच वर्षी जूनमध्ये थांबला. सौर घटांचा १९६४ पर्यंत येत राहिला. आपला आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी गेला, त्याच्या अंगभर सौर घट होते आणि त्यांची एकूण वीज सुमारे ४६ वॅट. म्हणजे स्वयंपाकघरातल्या पिवळ्या चाळीसच्या बल्बापेक्षा जेमतेम जास्त.

जिथे तार नाही तिथे

आकाशातून ही वीज जमिनीवर आली ती समुद्रमार्गे, असे म्हटले तर चालेल. १९७० च्या दशकात एलियट बर्मन या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने उपग्रहांसाठी लागणारा अतिशुद्ध सिलिकॉनचा हट्ट सोडला आणि साध्या घडणीचे घट बनवून वॅटमागचा दर शंभर डॉलरवरून वीसवर आणला. त्याला पैसा पुरवला होता तेल कंपनीने. पहिली गिऱ्हाइकेही तीच, कारण समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर इशाऱ्याचे दिवे लावायला दुसरी सोय नव्हती. मग बोयांवर, रेल्वेच्या सिग्नलांवर, डोंगरमाथ्यावरच्या दूरध्वनी केंद्रांवर. सूत्र एकच : जिथे तार नेणे पॅनेलपेक्षा महाग, तिथे पॅनेल.

आपल्या देशातही हेच सूत्र दिसते. सुरुवात मात्र चुलीपासून झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात सूर्यचूल काढली. ती चालली नाही. उन्हात उभे राहायचे, दर थोड्या वेळाने आरसा फिरवायचा, आणि भाकरी हवी रात्री. चूल करणाऱ्याने सूर्याचा विचार केला, पण स्वयंपाक करणारीचा केला नाही. साहिबाबादच्या सरकारी सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७७ मध्ये देशात पहिला सौर घट आणि १९७८ मध्ये पहिले पॅनेल बनवले. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला. आपल्या राज्यात १९८५ च्या सुमारास 'मेडा', म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, कामाला लागले.

पण घरासाठी पॅनेल म्हणजे दान किंवा प्रदर्शन, या समजुतीला छेद दिला तो शेजारच्या कर्नाटकात. हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये 'सेल्को' सुरू केली. त्यांनी ओळखले की अडचण पॅनेलची नाही, हप्त्याची आहे. रॉकेलवर रोज थोडे थोडे खर्च करणाऱ्या घराला एकरकमी पैसे जड जातात, तेवढाच हप्ता जड जात नाही. ग्रामीण बँकांना त्यांनी सौर दिव्यासाठी कर्ज द्यायला राजी केले. फेरीवाल्याची कमाई रोजची, शेतकऱ्याची सुगीची, म्हणून हप्तेही तसे बांधले. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या साऱ्या इतिहासात मला हा टप्पा चेपिनच्या घटाइतकाच मोठा वाटतो. त्याने घट स्वस्त केला नाही, पण घेणे शक्य केले.

मीटर उलटा फिरतो

तार नसलेल्या घराची गोष्ट सोपी. पॅनेल, बॅटरी, दिवा. तार असलेल्या घराची गोष्ट अवघड, कारण तिथे दुपारी जास्तीची वीज होते आणि रात्री काहीच नाही. बॅटरीत साठवावी तर बॅटरीच पॅनेलपेक्षा महाग. मग कल्पना निघाली की दुपारची वीज तारेलाच परत द्यावी, आणि रात्री तिच्याकडून घ्यावी. तार हीच आपली कणगी. यंत्राच्या दृष्टीने यात फार अवघड काही नव्हते. जुना चकतीचा मीटर तर आपण होऊन उलटा फिरे. अवघड होता तो अधिकार. ग्राहकाने विकायचे कसे?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये घेतलेल्या-दिलेल्या विजेची वजाबाकी करून बिल करण्याचा कायदा केला. स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस रेआल या अभियंत्याने मोठे सौर केंद्र उभारण्याऐवजी ३३३ घरमालक शोधले आणि प्रत्येकाच्या छपरावर तीन किलोवॅट बसवले. बेरीज एक मेगावॅट झाली, आणि जागेचा खर्च शून्य. जपानमध्ये सान्यो कंपनीतील संशोधक युकिनोरी कुवानो यांनी १९९२ मध्ये स्वतःच्या घराच्या छपरावरून तारेत वीज सोडली. जपान सरकारने १९९४ पासून हजारो छपरांना अनुदान दिले.

सर्वांत मोठी उडी जर्मनीची, जिथे वर्षभराचे ऊन महाराष्ट्राच्या जवळपास निम्मे. १९९० च्या अखेरीस तिथे कायदा झाला की छोट्या उत्पादकाची वीज वीज कंपनीने घेतलीच पाहिजे. त्यासाठी धडपड केली होती ती प्रामुख्याने ओढ्यांवर छोटी जलविद्युत यंत्रे चालवणाऱ्यांनी. छपरांना त्याचा लाभ पुढे झाला. २००० च्या कायद्याने सौर विजेला युनिटमागे ९९ फेनिग दर वीस वर्षांसाठी बांधून दिला. शेतकऱ्यांनी गोठ्यांची छपरे भरून टाकली. ही मागणी पाहून चीनमध्ये कारखाने उभे राहिले. त्यातला एक आद्य कारखाना काढणारे शी झेंगरोंग हे ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकलेले होते. पाच-पंचवीस वर्षांत दर असा कोसळला की चेपिनचा २८६ डॉलरचा वॅट आज आपल्या बाजारात साधारण वीस-पंचवीस रुपयांच्या घरात आला आहे. म्हणजे शोध अमेरिकेचा, शिक्षण ऑस्ट्रेलियाचे, कारखाना चीनचा, आणि त्या कारखान्याचे सुरुवातीचे बिल भरले जर्मनीच्या वीजग्राहकांनी. आपल्या गच्चीवर अनुदान कोणाचे, असे कोणी विचारले तर त्यात बव्हेरियातल्या एखाद्या अनोळखी घराचाही वाटा आहे.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने छपरावरच्या सौर विजेसाठी नेट मीटरिंगचे विनियम २०१५ मध्ये केले आणि २०१९ मध्ये ते नव्याने आणले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची 'पीएम सूर्य घर' योजना आली. लक्ष्य एक कोटी घरांचे, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार रुपये, तीन किलोवॅट वा अधिक असल्यास एकूण ७८ हजार. आमचे घर या शेवटच्या ओळीत बसते.

आमचा अनुभव सांगायचा तर एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरावीत. आषाढ-श्रावणात ती बरीच खाली येतात. कडक मे महिन्यात ऊन वाढते तेवढी वीज वाढत नाही, कारण पॅनेल तापले की त्याचा जोर कमी होतो. महिन्यातून दोनदा धूळ पुसावी लागते. एका कार्यालयातून मीटर बदलून मिळायला अडीच महिने लागले, आणि तेवढा काळ पॅनेल गच्चीवर नुसती ऊन खात बसली. हे सोडले तर तक्रार नाही.

पंखा का थांबला

आता आईच्या प्रश्नाकडे. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या डीपीवर काम चालू होते. वायरमन खांबावर चढला होता. त्याला खाली उतरल्यावर चहा दिला आणि आईचा प्रश्न सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "काका, मी तार मेलेली समजून हात घालतो. तुमच्या छपरावरून ती जिवंत झाली तर?"

उत्तर एवढेच आहे. तारेला जोडलेला इन्व्हर्टर तारेतला दाब गेला की क्षणात स्वतःला बंद करतो. तो तसा बनवलेलाच असतो, नियमच तसा आहे, आणि तो नियम त्या खांबावरच्या माणसासाठी आहे. लाईट गेल्यावरही घर चालवायचे तर बॅटरी आणि घराला तारेपासून वेगळे करणारी सोय असलेला इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा. आईला वायरमनचे बोलणे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग असू दे बंद." नियम तिला पटला. माझे अर्धे समाधान झाले.

उरलेले अर्धे असे. दीडशे वर्षांचा हा माग काढताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. प्रत्येक वळणावर घटाच्या शोधाइतकाच, कधी त्याहून जास्त, परिणाम एखाद्या साध्या व्यवहाराचा झाला : ॲडम्सचे बाजारातले स्वस्त आरसे, हांडे यांचे हप्ते, मिनेसोटाची वजाबाकी, जर्मनीचा बांधलेला दर. ज्याच्या बाजूने तो व्यवहार झाला त्याच्या छपरावर वीज झाली. आज तो माझ्या बाजूने आहे, कारण माझ्याकडे स्वतःची गच्ची आहे, सात-बारा नाही तरी मिळकतपत्रिका आहे, आणि उरलेली रक्कम भरायची ऐपत आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोल्यांत भाडेकरू राहतात. ऊन त्यांच्या पत्र्यावरही तेवढेच पडते, उलट त्यांनाच ते जास्त जाणवते. पण छप्पर मालकाचे, मीटर मालकाच्या नावाचा, आणि पत्रा पॅनेलचे वजन पेलेल की नाही कोण जाणे. शहरातल्या फ्लॅटवाल्यांचे त्याहून अवघड. गच्ची सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही. सोसायटीच्या सामाईक दिव्यांसाठी, पंपासाठी आणि लिफ्टसाठी योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपये आहेत. पण घरोघरच्या बिलापर्यंत त्याचा लाभ पोचवायचा तर वीज एका छपरावर करून अनेकांच्या मीटरवर वाटण्याची रीत सोपी आणि सर्रास व्हायला हवी.

जुन्या विजेच्या हिशेबात ज्यांनी जमीन दिली ते बिलात दिसले नाहीत. नव्या विजेच्या हिशेबात ज्यांना छप्पर नाही ते यादीत दिसत नाहीत. चूक तीच, जागा बदलली. ती आत्ता दुरुस्त करता येण्याजोगी आहे, कारण यावेळी कोणाचे गाव बुडवायचे नाही. फक्त वजाबाकीचा एक नियम थोडा रुंद करायचा आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या गच्चीच्या कठड्यावर आईने नेहमीप्रमाणे पणत्या लावल्या. अमावास्येची रात्र, पॅनेल काळी, गप्प. पणतीचा उजेड त्यांच्या काचेवर हलत होता. मला लंडनच्या त्या मेणबत्तीची आठवण झाली. आईला सांगितले की शास्त्राने पाहिले तर या पणतीनेही आत कुठेतरी इवलासा प्रवाह हलत असेल. आई म्हणाली, "हलू दे. त्याचा मीटर लावू नको म्हणजे झालं."